निंबोळी तेल आणि अंगणातली तुळस

आज पिकाचे बोलणार नाही. कापूस, केळी, मका यांच्याबद्दल आपले बोलणे नेहमीच चालू असते. आज बोलायचे आहे ते ओट्यावरच्या तुळशीबद्दल, मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या कढीपत्त्याबद्दल आणि फुटक्या बादलीत लावलेल्या जास्वंदीबद्दल. विषय लहान वाटेल. मलाही तो लहानच वाटत होता.

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. आमच्या खानदेशातला वैशाख कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि दुपारी धरणगावच्या गल्लीत चिटपाखरू नाही. अशाच एका सकाळी, मी दाढीला बसलो असताना, शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. हातात तुळशीची एक डहाळी होती. "भाऊ, मनी तुळस जयी गयी," एवढेच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्याचे कारण असे, की औषध मीच सांगितले होते. महिनाभर आधी आमच्या भागातल्या बचत गटाच्या बैठकीत मी बोललो होतो. कुणीतरी विचारले, तुळशीवर बारीक किडे पडतात, पाने पांढुरकी होतात, काय करावे? मी म्हणालो, रासायनिक औषध घरात आणूच नका. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण टाका आणि फवारा. नैसर्गिक आहे, निर्धोक आहे. हा 'निर्धोक' शब्द माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत मी किती सभांतून वापरला असेल त्याचा हिशोब नाही.

मी तसाच उठून त्यांच्या अंगणात गेलो. तुळशीच्या पानांवर वरच्या बाजूने काळपट, ओलसर दिसणारे डाग होते. काही पानांच्या कडा तांबूस होऊन वळल्या होत्या आणि कोवळे शेंडे माना टाकून बसले होते. पहिली शंका मला पंपाची आली. कपाशी लावणाऱ्यांना हे ठाऊक आहे, की ज्या पंपाने टू-फोर-डी हे तणनाशक मारले, तो नीट न धुता कपाशीवर चालवला तर काय होते. पाने चिंचोळी होतात, बोटांसारखी लांबतात, शेंडा पिळवटतो. तुळशीवर तसे काही नव्हते. पिळवटणे नाही, नुसते भाजणे. आणि पंप तर वहिनींनी वापरलाच नव्हता, काचा पुसायच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन घेतली होती.

मग मी एकेक विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. फवारणी केव्हा केली? सकाळी पूजा झाल्यावर, नऊच्या सुमारास. पाणी कोणते? बोअरचे. साबण? कपडे धुण्याची पावडर, चिमूटभर. तुळशीला पाणी केव्हा घातले होते? नळाला पाणी नव्हते, दोन दिवस घातले नव्हते. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "आधी कढीपत्त्याला मारलं, मग जास्वंदीला. तुळशीला शेवटी मारलं, बाटलीत उरलेलं सगळं. देवाचं झाड, तिला जरा जास्तच दिलं."

माझी सांगण्याची पद्धत बघा. मात्रा मी सांगितली, पण पाणी कोणते, वेळ कोणती, झाडाची अवस्था काय, आणि बाटलीत शेवटी काय उरते, यातले काहीच सांगितले नाही. शेतावर फवारणी करायची असती तर सांगितले असते. घरच्या कुंडीसाठी काय सांगायचे, असे वाटले.

आता यातली मुख्य गोष्ट नीट सांगतो, कारण नव्वद टक्के चूक तिथेच होते. तेल पाण्यात विरघळत नाही. साबण मध्ये पडला की तेलाचे बारीक बारीक थेंब होऊन ते पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी दुधासारखे पांढरे दिसते. हे दूध जितका वेळ टिकेल तितका वेळच औषध सारखे पडते. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. साबण त्यात फेस धरत नाही, उलट दह्यासारखा फाटतो, हे प्रत्येक बाई कपडे धुताना रोज बघते. तोच फाटलेला साबण तेलाला काय धरून ठेवणार?

मी वहिनींच्या ओट्यावरच दोन पेल्यांत करून दाखवले. एका पेल्यात फिल्टरचे पाणी, दुसऱ्यात बोअरचे. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचे थोडे पाणी आणि सारखेच तेल. दोन्ही पेले ढवळून ठेवले आणि चहा घेतला. चहा होईपर्यंत बोअरच्या पाण्यावर पिवळसर तेलाचा तवंग आला होता. फिल्टरचे पाणी अजून दुधाळ होते. आता फवाऱ्याच्या बाटलीतली नळी तळाशी असते. ती आधी खालचे पाणी ओढते आणि तेल वर तरंगत खाली उतरत जाते. म्हणजे कढीपत्त्याला मिळाले नुसते पाणी, जास्वंदीला थोडेफार औषध, आणि शेवटच्या झाडाला जवळजवळ निव्वळ तेल. ते शेवटचे झाड तुळस होती. वहिनींनी देवाला म्हणून जे जास्त दिले, तेच तिला बाधले.

पेल्याकडे बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे तेल खोटं नव्हतं तर." त्यांना वाटले होते की दुकानदाराने फसवले.

तेल किडीला मारते ते कसे, तेही समजून घेण्यासारखे आहे. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांच्या अंगावर श्वासाची बारीक छिद्रे असतात. तेलाचा पापुद्रा बसला की ती बुजतात आणि कीड गुदमरते. पण पानालाही छिद्रे असतात. पान त्यांतून पाण्याची वाफ सोडते आणि स्वतःला थंड ठेवते, जसा माणूस घामाने थंड होतो. भर उन्हात त्यावर तेल बसले की पानाचे घाम येणे बंद होते, आणि तेल आत मुरून पानाच्या पेशीही फाडते. त्यात झाड तहानलेले असेल तर विचारायलाच नको. म्हणून जाणकार सांगतात की हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर कुठलेही तेल पानावर मारू नये. आता आपल्याकडे चैत्र-वैशाखात सूर्य मावळल्यावरसुद्धा हवा बत्तीसच्या खाली केव्हा येते? माझे मत विचाराल तर खानदेशात होळीनंतर मृगाचा पाऊस पडेपर्यंत घरच्या झाडांवर तेल मारूच नये. पुस्तकात संध्याकाळी मारा असे असते. पुस्तक लिहिणाऱ्याची संध्याकाळ वेगळी असते.

कपडे धुण्याच्या पावडरीबद्दलही सांगून टाकतो. तिच्यात सोडा असतो आणि तो पान भाजतो. तेलाआधी तिनेच अर्धे काम केलेले असते. त्यापेक्षा रिठा घ्या. तीन-चार रिठे फोडून रात्री वाटीभर पाण्यात भिजत घातले की सकाळी फेसाचे पाणी मिळते. जड पाण्यात साबण फाटतो, रिठ्याचा फेस फाटत नाही. आपल्या आज्या केस आणि रेशमी लुगडी रिठ्याने धूत होत्या, त्या काही वेड्या नव्हत्या.

आता कडुनिंबाची थोडी जुनी गोष्ट, कारण तिच्यातून एक गैरसमज निघतो. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शेतांवर टोळ आले होते. तिथल्या प्रधान, जोतवानी आणि राय या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराची पूड पाण्यात कालवून फवारली. टोळ त्या पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. तिथून कडुनिंबाचे नाव शास्त्राच्या पुस्तकांत मोठे झाले. पुढे एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या शेती खात्याला निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक उपयोगाचे पेटंट युरोपात मिळाले. ते आपल्या लोकांनी हरकत घेऊन 2000 साली रद्द करवले आणि 2005 मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. आपल्याला अभिमान वाटला आणि वाटावाच. पण लक्षात घ्या, टोळांनी तोंड फिरवले ते पाण्यात कालवलेल्या निंबोळीमुळे, नुसत्या तेलामुळे नव्हे. निंबोळीतला जो कडू अंश किडीची भूक घालवतो आणि तिला कात टाकू देत नाही, तो पाण्याच्या अर्कातही उतरतो. भाजते ते बहुधा तेल आणि साबण. अर्कात तेल थोडे, म्हणून भाजण्याची भीतीही थोडी.

म्हणून घरच्या झाडांना मी आता अर्कच सांगतो. ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा आणि हवा खेळेल अशा पिशवीत ठेवा. काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या बिया टाकून द्या, त्या वापरू नका. शेतासाठी पाच टक्के अर्काचे माप तुम्हाला पाठ आहे, शंभर लिटर पाण्याला पाच किलो. तेच कुंडीला लावा. पन्नास ग्रॅम बियांची भरड फडक्यात बांधून रात्री लिटरभर पाण्यात बुडवा, सकाळी पिळून गाळा, थोडे रिठ्याचे पाणी घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. उरले तर ठेवू नका. उन्हाने त्याचा कस दोन-चार दिवसांत जातो, म्हणून तर संध्याकाळी मारायचे. वर्ष उलटलेल्या बियांतही कस राहत नाही. तेव्हा 'फवारले पण गुण आला नाही' अशी तक्रार करण्याआधी बी केव्हाचे ते आठवा.

ज्यांना तेलच वापरायचे आहे त्यांनी थंडीच्या दिवसांत वापरावे. मात्र थंडीत ते तुपासारखे थिजते. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करावे, चुलीवर ठेवू नये. कुंडीसाठी लिटरला दोन-तीन मिली पुष्कळ झाले. आधी एका झाडाच्या दोन पानांवर लावून दोन दिवस वाट पाहावी. फवारताना बाटली सारखी हलवत राहावे आणि तळाचे शेवटचे बोटभर कुठल्याही झाडावर न मारता कोरड्या मातीत ओतावे. नेच्यासारख्या नाजूक पानांना, नुकत्या उगवलेल्या रोपांना आणि ज्यांच्या पानांवर पांढरी साय असते अशा जाड पानांच्या शोभेच्या झाडांना तेल लावूच नये. ती साय हे त्यांचे उन्हापासूनचे पांघरूण असते, तेलाने ते निघून जाते. आणि गुलाबावर भुरी पडली म्हणून गंधक मारले असेल, तर किमान तीन आठवडे तेल त्याच्या जवळ नेऊ नका. दोन्ही औषधे एकेकटी चांगली, एकत्र आली की पाने गाळतात.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तरी चालले असते. झाडाचे नुकसान भरून निघते. पण हा लेख लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते सांगायला मला दोन वर्षे लागली.

वहिनींच्या तुळशीचे झाल्यावर मी घरी येऊन माझ्याजवळचे तेल तपासले. एका तेलघाणीवरून आणलेला लिटरचा डबा होता, त्यावर नाव नाही, गाव नाही. रोजच्या वापराला सोपे पडावे म्हणून त्यातले थोडे तेल मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढले आणि बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली. चिठ्ठी लावली नाही. मी बी.एस्सी. ॲग्रीकल्चर. शेतकऱ्यांना मी आयुष्यभर सांगत आलो, की औषध दुसऱ्या बाटलीत काढू नका, लेबल फाडू नका, पोरांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा तर गावोगाव फिरून हेच सांगितले. मग माझ्या स्वतःच्या घरात मी असे का केले? कारण ते माझ्या लेखी औषध नव्हतेच. ते निंबाचे तेल होते. निंब म्हणजे पाडव्याला चटणी करून खातो तो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी नाशिकहून आली होती. तिची चिमुरडी चार वर्षांची. एके दिवशी पोरीचे पोट दुखत होते, दोन दिवस शौचाला झाले नव्हते. मुलगी बाजारात गेलेली, मी ऑफिसात. घरात माझी आई, वय ब्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिने तिच्या आयुष्यभराच्या सवयीने कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली. एरंडेल तिथेच असायचे. तिने चमचाभर तेल साखर घालून नातपणतीला दिले.

पोरीने अर्धे थुंकले आणि किंचाळली. आईला वाटले, एरंडेल कोणते पोर हसत घेते? थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या आणि मग पोर गुंगीत गेल्यासारखी पडून राहिली. तेवढ्यात मुलगी आली, तिने बाटलीचा वास घेतला आणि मला फोन केला. धरणगावहून जळगाव तीसेक किलोमीटर. ते अंतर त्या दिवशी किती होते ते मी सांगू शकत नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, काय पोटात गेले? मी म्हणालो, "निंबोळी तेल. नैसर्गिक आहे." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. किती गेले, केव्हा गेले, उलटी मुद्दाम करवली का, एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाले, ते बरे केले. तेल पोटात गेल्यावर उलटी करवू नये, ते फुफ्फुसात उतरते. मग सलाईन लावले, रक्त तपासायला घेतले आणि रात्रभर झटके येतात का ते बघत राहिले.

झटके आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बिस्कीट मागितले. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

नंतर मी त्या डॉक्टरांना भेटून विचारले, आणि त्यांनी सांगितलेले मिळवून वाचले. 1981 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत मलेशियातल्या तेरा तान्ह्या मुलांची हकिकत छापून आली होती. त्यांना घरगुती औषध म्हणून निंबोळी तेल पाजले होते. उलट्या, गुंगी, जोरजोरात श्वास आणि मग झटके. लांब कशाला जायचे? आपल्या देशातल्या 'इंडियन पेडिएट्रिक्स' या बालरोगांच्या मासिकात 2008 साली पाच वर्षांच्या एका मुलाची हकिकत आली. चुकून निंबोळी तेल दिले गेले होते, झटके आवरेनात आणि मूल वाचले तरी मेंदूवर परिणाम राहिला. मोठ्या माणसाच्या कातडीला तेच तेल चालते, गुरांच्या जखमेला चालते. लहान मुलाच्या पोटात तेच विष ठरते. हे सगळे मी कॉलेजात शिकलो नव्हतो असे नाही. किती मात्रेने काय मरते हा तर आमचा विषयच. पण तो किडीचा होता.

म्हणून कळकळीने सांगतो. तेल मूळ डब्यातच ठेवा आणि तो डबा देवघरात, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात ठेवू नका. एरंडेल, खोबरेल, बाळाचे तेल जिथे असते तिथे तर मुळीच नाही. विकत घेताना केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, मुदत आणि रंगाचा त्रिकोण छापलेला असेल असेच घ्या. चुकून मुलाच्या पोटात गेलेच तर घरचा उतारा करत बसू नका, उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. घरात गरोदर बाई असेल तर तेल हाताळण्याचे काम तिला देऊ नका. या तेलावर गर्भनिरोधासाठी आपल्याच देशात संशोधन झाले आहे, एवढे कारण पुरे.

जाता जाता काही बारीकसारीक. तुळस आणि कढीपत्ता ही आपण खातो ती झाडे. तीर्थात, काढ्यात, फोडणीत त्यांची पाने जातात. त्यांच्यावर फवारले तर आठवडाभर पाने तोडू नका, आणि नंतरही धुऊन घ्या. मंजिरीवर मधमाश्या येतात. ओल्या तेलाचा थेंब अंगावर पडला तर त्याही गुदमरतात, म्हणून फुलावर आलेल्या झाडावर नकोच. हौदात डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर त्याच्या आसपास तेल मारू नका आणि रिठ्याचे पाणीही त्यात पडू देऊ नका. आणि ज्यांना वाटेल की तेल नको तर दुसरे काही झाडपाल्याचे करू, त्यांनी तंबाखूचा काढा घरात करू नये. तंबाखूतले निकोटीन हे जहालच विष आहे. दशपर्णी अर्कात धोतरा, रुई, कण्हेर पडते, तोही शेतातल्या ड्रममध्येच शोभतो, गॅलरीत नाही.

मग घरच्या झाडाची कीड घालवायची कशी? पुष्कळदा नुसत्या पाण्याने. कढीपत्त्याच्या शेंड्यावरचा मावा पाण्याच्या जोरदार धारेने खाली पडतो आणि बहुतेक परत चढत नाही. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या दातघासणीने किंवा ओल्या फडक्याने पुसता येतो. आठ दिवसांनी पुन्हा पुसावा लागतो, कारण अंडी राहतात. शेतकऱ्याने तर जास्वंदीकडे मुद्दाम लक्ष ठेवावे. 2007 च्या सुमारास कपाशीवर जो पिठ्या ढेकूण उसळला होता, तोच जास्वंदीवरही सुखाने राहतो. तुळशीची पांढुरकी पाने उलटून बघा. मागे काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण दिसले तर ती फांदी कापून जाळून टाका. तुळस पुन्हा फुटते. चार कुंड्यांना लागणारा वेळ तो किती? फवाऱ्याची बाटली आली म्हणून आपल्या हातांना काही झाले नाही.

वहिनींची तुळस मात्र फुटली नाही. मृगाच्या पावसानंतर वृंदावनातल्या मातीत जुन्या मंजिऱ्यांतून पाच-सहा रोपे आपोआप वर आली. त्यातले एक त्यांनी ठेवले, एक मला आणून दिले. त्या वर्षीच्या कार्तिकात त्यांच्याकडे तुळशीचे लग्न त्या वीतभर रोपाशीच लागले. मी गेलो होतो. मला पाहून त्या हसल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "हे आमचे शेतीचे साहेब, आता दोन पेले घेऊन येतात."

माझ्या घरचे निराळे आहे. पोर आता सहा वर्षांची झाली, सुट्टीत येते, अंगणभर धावते. ती विसरली. मुलगी या विषयावर बोलत नाही. कोनाडा मी रिकामा केला, आता तिथे फक्त काडेपेटी असते. चूक माझी होती हे मी आईला किती वेळा सांगितले. ती ऐकून घेते आणि दुसरीकडे बघते. तेव्हापासून तिने घरातल्या कुणालाही हाताने काही दिलेले नाही, ताप आलेल्या पोराला साधे साखरपाणीसुद्धा नाही. आणि तिला आपण काही द्यायला गेलो, दूध असो, चहा असो, तर पेला डोळ्यांजवळ नेऊन ती आधी विचारते, "हाई काय शे रे भाऊ?" मी सांगतो. मग ती पिते.